नाल्याकाठच्या वस्तीत सर्व्हेला निघालेल्या मुलीस

शहापूर, बेळगाव

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. घरकुलाच्या सर्व्हेचं काम मिळालं आणि नाल्याकाठच्या वस्त्या तुझ्या वाट्याला आल्या, हे वाचून मला फार बरं वाटलं. खानापूरकडची मुलं कॉलेजसाठी बेळगावला येतात, बसस्टँडवर उतरतात आणि तिथूनच परत जातात. शहराची ही बाजू त्यांना दिसतच नाही. तुला ती आता घराघरात बसून बघायला मिळेल. तू विचारलंयस, 'आक्का, झोपडपट्टी हटवायची तर सुरुवात कुठून करायची?'

हटवायचा विचार आधी सोडून दे. वस्ती आहे तिथंच सुधारायची, आणि सुरुवात दोन ठिकाणांहून करायची: जमिनीचा कागद आणि सांडपाण्याची गटार. माझं म्हणणं एवढंच आहे. बाकीचं पत्र त्याची कारणं सांगण्यासाठी.

घर कसं बांधायचं हे गरिबाला कुणी शिकवावं लागत नाही. आधी ताडपत्री, मग पत्रा, मग विटांची एक भिंत, दोन दिवाळ्या गेल्या की दुसरी, पोरगा कमावता झाला की स्लॅब. पैसा येईल तसं घर वर चढतं. वस्तीतले कितीतरी पुरुष गवंडीकाम, सेंटरिंग, फरशीकाम करणारेच असतात. शहरातले बंगले त्यांनीच बांधलेत. पण पायाखालची जमीन स्वतःच्या नावावर करून घेणं आणि दारातलं घाण पाणी वस्तीबाहेर नेणं, या दोन गोष्टी एकट्या कुटुंबाला कितीही राबलं तरी जमत नाहीत. तिथं सरकारच लागतं. आणि नेमकी हीच दोन कामं मागे ठेवून सरकारं घरं बांधत बसतात.

२०११ च्या जनगणनेत देशभरातल्या झोपडपट्ट्यांत सुमारे साडेसहा कोटी माणसं मोजली गेली. त्यांच्या घरांपैकी ९० टक्क्यांत वीज होती, ७० टक्क्यांच्या आसपास टीव्ही होता. घरात संडास मात्र ६६ टक्क्यांकडेच होता, आणि झाकलेली गटार ३७ टक्क्यांना. हे आकडे सांगितले की चांगली शिकलेली माणसंसुद्धा म्हणतात, टीव्हीला पैसे आहेत आणि संडासाला नाहीत होय? तुलाही ऑफिसात हे ऐकावं लागेल. त्यांना शांतपणे विचार, टीव्ही दुकानात मिळतो, गटार कुठल्या दुकानात मिळते? वीज खांबावरून तार ओढून येते, तिला जमीन खणावी लागत नाही. संडास बांधला तर मैला जायला ड्रेनेज लाइन हवी, नाहीतर टाकी पुरायला जागा हवी. दहा बाय बाराच्या खोलीत टाकी कुठं पुरणार? आणि उद्या पाडतील या भीतीत राहणारा माणूस जमिनीखाली पैसा घालत नाही. तो जे उचलून नेता येईल तेच घेतो. यात अडाणीपणा कुठं आहे? मला तर हा हिशोब पक्का वाटतो.

आता ही माणसं इथं आली कशी, ते बघ. सगळे 'पोटासाठी आले' म्हणून मोकळे होतात. तू तेवढ्यावर थांबू नकोस. प्रत्येक घरात विचार, कुठल्या गावचे, कुठल्या साली निघालात, त्या साली गावात काय झालं होतं. आपल्या जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवलास की उत्तरं आपोआप जुळतील. पश्चिमेला खानापूरचं जंगल आणि धो धो पाऊस. पूर्वेला सौंदत्ती, रामदुर्ग, अथणी हे कमी पावसाचे तालुके. १९७२ च्या दुष्काळानं तिकडची कुटुंबं हलली. हिडकल आणि नविलुतीर्थच्या धरणांखाली गावं गेली. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांना काहीतरी भरपाई मिळाली, दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याला कसली भरपाई? २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदमच चढल्या तेव्हा पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख रुपये जाहीर झाले. पण भरपाईचा पहिला प्रश्न होता, घर कुणाच्या नावावर? वाटण्या न झालेली, आजोबाच्या नावावर राहिलेली घरं, देवळाच्या किंवा गायरानाच्या जागेवरची घरं, त्यांच्या धन्यांनी काय दाखवायचं? गावात कागद नव्हता म्हणून माणूस शहरात आला, आणि शहरातही कागदाविना राहिला.

शहराला ही माणसं हवीच होती. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मोल्डिंगला, भट्टीपाशी, कास्टिंग घासायला ती लागतात. वडगाव-खासबागच्या यंत्रमागांवर कांड्या भरायला, रात्रपाळीला लागतात. मार्केटात पोती उचलायला, टिळकवाडी-हिंदवाडीत धुणीभांडी करायला, पहाटे रस्ते झाडायला लागतात. कारखान्याच्या नकाशात यंत्राला जागा असते, कच्च्या मालाला असते, ट्रक वळवायलाही असते. कामगार रात्री कुठं झोपणार याची चौकट त्या नकाशात नसते. औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, पगार मात्र असा की घरभाडं आणि डिपॉझिट त्यात बसत नाही. मग माणूस कामापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर जी जागा कुणालाच नको असते ती धरतो. मला विचारशील तर झोपडपट्टीचं मूळ कारण गरिबी नव्हे. गरीब माणूस खेड्यातही असतोच. शहर त्याचे कष्ट घेतं आणि त्याच्या घराचा खर्च मजुरीत धरत नाही, हे मूळ कारण आहे.

बेळगावात जागेचा प्रश्न आणखी अवघड आहे. शहराच्या पोटात लष्कराचा कॅम्प. भोवती शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरचं शिवार, बासमतीचं भात पिकवणारी काळी जमीन. ती जमीन वाचवायला आपले शेतकरी हलगा-मच्छे बायपासपासून सगळीकडे लढतायत, आणि त्यांचं बरोबर आहे. पिकाऊ जमीन घ्या आणि तिथं घरं बांधा, असं मी कधीच म्हणणार नाही. मग स्वस्तात उरतं काय? नाल्याची कड, बंद पडलेली दगडखाण, रेल्वेची हद्द, स्मशानाची मागची बाजू. पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगला की वडगाव-येळ्ळूरचा शेतकरी भात सडलं म्हणून रडतो आणि वर शहरातल्या नाल्याकाठची बाई चूल विझली म्हणून रडते. दोघांना बुडवणारं पाणी एकच आहे. पण दोघांनी मिळून एक निवेदन दिलंय असं मी अजून बघितलेलं नाही. तुला कधी जमलं तर ते घडवून आण.

यातच एक नवा प्रकार आहे, त्याच्याकडे नीट लक्ष दे. 'बाँडची जागा' म्हणतात तो. कुणीतरी एजंट शेतातला तुकडा पाडतो, वीस बाय तीसचे चौकोन आखतो, आणि स्टॅम्प पेपरवर नोटरी करून विकतो. जमीन बिनशेती झालेली नसते, लेआउट मंजूर नसतो, त्यामुळं रजिस्टर होत नाही. घेणारा बायकोचे दागिने मोडून, गावाकडचं जनावर विकून पैसे भरतो आणि स्वतःला मालक समजतो. त्याला झोपडपट्टीवाला म्हणालीस तर त्याला राग येईल. पण तिथं रस्ता नाही, गटार नाही, पाण्याची लाइन नाही, आणि कायद्याच्या लेखी त्याचं घर बेकायदाच आहे. उद्याची झोपडपट्टी आज अशी भरत चाललीय, आणि ती भरताना कुणाच्याच सर्व्हेत येत नाही, कारण बाहेरून घरं पक्की दिसतात. बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या लेआउटात गरिबांना प्लॉट राखीव असतात हे खरं. पण मुदतीत भरायची रक्कम रोजंदारीवाल्याला एकदम कुठून जमणार आणि बँक त्याला कशावर कर्ज देणार? म्हणून तो एजंटाकडे जातो. एजंट हप्ते घेतो.

एक गोष्ट तुझ्या वहीत लिहून ठेव. केंद्राच्या तांत्रिक गटानं २०१२ साली शहरांतल्या घरांची टंचाई १ कोटी ८८ लाख धरली, आणि त्यातली ९५ टक्क्यांहून जास्त टंचाई कमी उत्पन्नाच्या लोकांची होती. त्याच सुमाराच्या जनगणनेत शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी सापडली. म्हणजे घरं नाहीत असं नाही. ज्याला गरज आहे त्याला परवडणारी, आणि कामाच्या जवळची घरं नाहीत.

आता वस्तीत गेल्यावर काय बघायचं. कुठल्याही घरात जा, भिंतीला खिळ्यावर एक प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली असते. तिला हात लावू नकोस, 'कागद दाखवता काय?' असं घरच्या बाईला विचार. ती पिशवी काढेल, जमिनीवर फडकं पसरेल आणि एकेक कागद मांडेल. रेशन कार्ड, पहिलं आणि नवीन. लाइट बिलं, रबर लावून, वर्षावर्षांची. मतदार कार्ड. पोराचा शाळेचा दाखला. कुठल्यातरी जुन्या सर्व्हेची पावती, तिच्यावरचा शिक्का उडालेला. एखाद्या पुढाऱ्याच्या सभेत वाटलेलं, फोटो असलेलं 'प्रमाणपत्र', ज्याला कायद्यात काडीची किंमत नाही. पाणी शिरलं की बाई सगळ्यात आधी पोरं बाहेर काढते आणि मग ही पिशवी. घरात दुसरं सगळं भिजलं तरी चालतं. त्या पिशवीत एकच कागद नसतो, जागेचा. बाकीचे सगळे कागद त्या एका कागदाची जागा भरायला गोळा केलेले असतात.

हा कागद नसल्यानं काय होतं ते पुढच्या प्रत्येक प्रश्नात तुला दिसेल. २०१५ पासूनच्या पंतप्रधान आवास योजनेत शहरांत मंजूर झालेली निम्म्याहून जास्त घरं लाभार्थ्यानं स्वतः बांधायच्या प्रकारातली आहेत. केंद्राचे दीड लाख, वर राज्याचे. चांगली योजना आहे, घर बाईच्या नावावर किंवा जोडीनं करायची अटही चांगली आहे. पण तिला लागते स्वतःची जागा. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज, तो पहिल्याच रकान्यात गळतो. बँक कर्ज देत नाही, म्हणून बाई संघाचं, म्हणजे मायक्रोफायनान्स कंपनीचं गटानं घ्यायचं कर्ज काढते, एकीचं फेडायला दुसरीकडून, तिसरीकडून. आठवड्याचा हप्ता चुकला की वसुलीवाले दारात, आणि गटातल्या शेजारणींचीही तोंडं बंद. घराच्या भिंती या कर्जावर उभ्या असतात. ही वसुली इतकी जीवघेणी झाली की २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला त्यासाठी वटहुकूम काढावा लागला. तुझ्या फॉर्ममध्ये कर्जाचा रकाना नसेल तर समासात लिही. घर किती पक्कं आहे हे फॉर्म विचारतो. ते कशावर उभं आहे हे कुणी विचारत नाही.

गटारीचं सांगते. जुन्या वस्तीत दाराशी उभी राहा आणि पायऱ्या बघ. पूर्वी दोन पायऱ्या चढून घरात जायचे, आता दोन पायऱ्या उतरून जातात अशी घरं तुला दिसतील. घर खाली गेलेलं नसतं, रस्ता वर आलेला असतो. दर निवडणुकीच्या आधी जुना रस्ता न खणता त्याच्यावरच काँक्रीटचा नवा थर टाकतात. पाच-सहा इंच, परत पाच-सहा इंच. लोकांना वाटतं काम झालं, फलक लागतो, आणि जूनमध्ये रस्त्याचं पाणी घरात. मग ज्याला शक्य आहे तो घराची जमीन भरून उंबरा वर घेतो. छप्पर तेवढंच राहतं. आत उंच माणसाला वाकून उभं राहावं लागतं. विधवा बाई, म्हातारं जोडपं यांना भराव घालणं जमत नाही, आणि आख्ख्या गल्लीचं पाणी त्यांच्या घरात जमतं. एका वस्तीत सगळे सारखेच गरीब असतात असं समजू नकोस. कुणाचा उंबरा कुठं आहे ते बघितलंस की कोण किती तगून आहे ते कळतं. सर्व्हेत रस्त्यापासून उंबऱ्याची उंची मोजून लिही. टेप घेऊन जा.

आजारपणाबद्दल तुला मी वेगळं काय सांगू? डेंग्यू, जुलाब, टीबी, लहान मुलांचा न संपणारा खोकला, हे तुला शाळेच्या पुस्तकातही सापडेल. मी पाण्याबद्दल सांगते. आपल्या शहरात जागतिक बँकेच्या मदतीनं २००८ च्या सुमारास काही वॉर्डांत चोवीस तास नळाला पाणी सुरू झालं. उरलेल्या शहरानं वर्षानुवर्षं दिवसाआड, चार-चार दिवसांनी पाणी भरलं. ज्याच्या घरावर टाकी आहे त्याला चार दिवसांनी आलेलं पाणी पुरतं. ज्याच्याकडे दोन घागरी आणि एक पिंप आहे, त्याच्या घरातल्या कुणालातरी पाण्याच्या दिवशी काम बुडवावंच लागतं, आणि ते 'कुणीतरी' म्हणजे बाई, नाहीतर थोरली मुलगी. शाळेच्या हजेरीपटावर त्या मुलीचे खाडे आणि पाणी सुटायचे दिवस शेजारी ठेवून बघ. आठवीनंतर ज्या मुली शाळा सोडतात त्यांच्या आयांशी एकांतात बोललीस तर संडासाचा विषयही निघेल. पुरुषांसमोर निघणार नाही.

मग उपाय काय? पहिला उपाय जो सगळ्यांना सुचतो तो म्हणजे गावाबाहेर चार मजली इमारती बांधून लोकांना तिकडं हलवणं. कागदावर सुंदर दिसतं. पण ज्या बाईची चार घरची कामं टिळकवाडीत आहेत, तिला आठ-दहा किलोमीटर लांब फ्लॅट दिला तर ती दोन घरं सोडते, कारण पहाटे पाचला तिथून बस नसते. २०२३ पासून बायकांना शक्ती योजनेत बस फुकट आहे; तिचं तिकीट वाचेल, वेळ कोण देणार? भंगारवाल्याला हातगाडी तिसऱ्या मजल्यावर नेता येत नाही. शेळी, कोंबडी, शिलाई मशीन, दारातलं भज्यांचं दुकान, हे सगळं उत्पन्न जमिनीवरच्या घराचं असतं. शेवटी माणूस फ्लॅट भाड्यानं देतो आणि परत नाल्याकाठी येतो. तेव्हा लोक म्हणतात, 'बघा, यांना सवयच तशी.' हे वाक्य ऐकलंस की तिथंच थांबवायचं, वय बघायचं नाही, हुद्दा बघायचा नाही.

मुंबईसारखं करा म्हणणारेही भेटतील. तिथं १९९५ पासून बिल्डरनं झोपडीवाल्याला फुकट घर द्यायचं आणि उरलेल्या जागेत विकायच्या इमारती बांधायच्या, अशी योजना आहे. ती चालते तेवढी मुंबईच्या जमिनीच्या भावावर चालते. बेळगावात, निपाणीत, गोकाकात तो भाव नाही, आणि नसलेलाच बरा. आपल्याला दुसरीकडं बघायला हवं. इंदूरमध्ये हिमांशू पारीख या इंजिनिअरनं १९८० च्या दशकाच्या शेवटी एक साधी गोष्ट ओळखली. झोपडपट्ट्या नाल्याकाठी असतात, आणि नाले म्हणजे शहराच्या पाण्याची उताराची वाट. मुख्य ड्रेनेज लाइन त्याच वाटेनं नेली तर पंपाशिवाय पाणी वाहतं, वस्तीलाही जोडणी मिळते आणि आख्ख्या शहराचा खर्च वाचतो. म्हणजे वस्तीच शहराच्या कामाला येते. त्या कामाला १९९८ चा आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पुढे तिथली देखभाल नीट राहिली नाही, लाइनी तुंबल्या अशी टीकाही झाली, आणि ती टीका तू विसरू नकोस: पाइप घालणं हे अर्धं काम, तो साफ करायला माणूस आणि दरवर्षीचा पैसा ठेवणं हे उरलेलं अर्धं. बेळगावच्या नाल्यांचा उतार बघितला की मला पारीखांचं म्हणणं इथं लागू पडेल असं ठामपणे वाटतं.

जमिनीच्या कागदासाठी ओडिशाकडे बघ. त्यांनी २०१७ ला कायदा करून झोपडपट्टीवासीयांना राहत्या जागेचा हक्क दिला. तो वारसांना मिळतो, त्यावर कर्ज काढता येतं, पण विकता येत नाही. विकता येत नाही हे फार महत्त्वाचं, नाहीतर एजंट वर्षभरात सगळी वस्ती गिळतील. आपल्या राज्यात १९७३ चा झोपडपट्टी कायदा आहे, १९७५ पासून मंडळ आहे, लोक त्याला 'स्लम बोर्ड' म्हणतात, आणि हक्कपत्रंही वाटली जातात. पण आधी वस्ती घोषित व्हावी लागते. २०११ च्या जनगणनेतले एक तृतीयांशाहून अधिक झोपडपट्टीवासी अशा वस्त्यांत होते की ज्यांना कुठल्याच कायद्यानं मान्यता दिली नव्हती, मोजणाऱ्यांनी फक्त ओळखल्या होत्या. म्हणून वस्तीत पाय ठेवण्याआधी दोन गोष्टी शोध: ती घोषित आहे की नाही, आणि त्या सर्व्हे नंबरची जमीन कुणाची. महापालिकेची असली तर रस्ता सोपा. महसूल खात्याची असली तर तहसीलदार, प्रांत. रेल्वेची किंवा लष्कराची असली तर राज्य सरकार हक्कपत्र देऊ शकत नाही, तिथं दिल्लीपर्यंत जावं लागतं. अशा वस्तीत खोटी आशा दाखवू नकोस. ऑफिसात सांगत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज कर.

काही घरं खरोखरच हलवावी लागतात, हेही तुला मान्य करायला हवं. नाल्याच्या पात्रातच ज्यांच्या भिंती आहेत, त्यांना तिथं ठेवणं म्हणजे एखाद्या पावसात जीव घालवणं. पण हलवायचं तर हाकेच्या अंतरावर, शाळा आणि काम न तुटेल असं, आणि पुढचं घर मिळाल्यावर. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्टानं पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या निकालानं हटवायला पूर्ण मनाई केली नाही, हे लक्षात ठेव. नोटीस देऊन, ऐकून घेऊन हटवता येतं. पण त्या मुंबईच्या लोकांना पावसाळा संपेपर्यंत हात लावू नका, असं कोर्टानं सांगितलं होतं. निदान एवढं तरी तुझ्या साहेबांना माहीत असू दे.

आणि नवी झोपडपट्टी उभी राहू नये म्हणून मच्छे, कंग्राळीकडच्या औद्योगिक भागाजवळ नापीक सरकारी जागेत छोटे प्लॉट आखून, पाणी-गटार-रस्ता आधी देऊन, हप्त्यानं द्यायला हवेत. घर ज्याचं तो बांधेल. मुंबईत चारकोप-गोराईला म्हाडानं १९८० च्या दशकात हे केलंय, आज तिथली वस्ती झोपडपट्टी वाटत नाही. सोबत भाड्याच्या स्वस्त खोल्याही हव्यात, कारण नवीन आलेल्या एकट्या पोराला प्लॉट नको असतो, महिन्याच्या पगारात बसणारी खोली हवी असते.

भाषेबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. सीमाभागाचं दुखणं तुझ्या घरातही आहे. १९५६ ची पुनर्रचना, १९६७ चा महाजन अहवाल, २००४ पासून सुप्रीम कोर्टातला दावा, यात आपल्या माणसांची आयुष्यं गेली. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं त्यांच्या भाषेत नोटिसा मिळाव्यात, ही मागणी मी सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण कन्नडातली नोटीस वाचता आली नाही म्हणून ती महिनाभर खिळ्यावरच्या पिशवीत पडून राहिली, आणि मुदत टळल्यावर जेसीबी आला, तर आपल्या मागणीचा त्या घराला काय उपयोग? तेव्हा कन्नड नुसतं बोलू नकोस, वाचायला आणि अर्ज लिहायला शीक. वस्तीत मराठी, कन्नड, उर्दू, वडारांची, लमाणांची बोली, सगळं एका नळावर असतं आणि बायका एकमेकींच्या भाषेत भांडतात, हसतात. ही माणसं निवडणुकीला वेगळी होतात. वस्तीची समिती करशील तेव्हा दोन्ही-तिन्ही भाषांच्या बायका तिच्यात घे आणि ठराव मोठ्यानं, सगळ्यांना कळेल असा वाचून दाखव.

तुझ्या सर्व्हेबद्दल शेवटचं. जोकिन अर्पुथम हा माणूस आपल्या कर्नाटकातला, कोलारच्या सोन्याच्या खाणीकडचा. मुंबईत जनता कॉलनीत राहिला, १९७६ ला ती वस्ती उठवली गेली, आणि पुढं त्यानं देशभर झोपडपट्टीवाल्यांची संघटना बांधली. त्याचं आणि त्याच्या सोबत्यांचं सगळ्यात मोठं हत्यार होतं शिरगणती, लोकांनी स्वतःची स्वतः केलेली. १९८५ ला भायखळ्याच्या फुटपाथवर अशीच गणती झाली आणि जे लोक कुठल्याच यादीत नव्हते ते पहिल्यांदा यादीत आले. इथं जवळ सांगली-मिरजेत पुण्याच्या शेल्टर असोसिएट्सनं घराघरांचे नकाशे काढून घरटी संडासाचं काम केलंय. शनिवारी-रविवारी जाऊन बघून ये.

तू सरकारी फॉर्म भरशील, तो भरच. पण दिवसा एकदा आणि रात्री आठनंतर एकदा जा, कारण कुलूप दिसलं म्हणून 'बंद घर' लिहिलेली कुटुंबं कामावर गेलेली असतात. भाडेकरू वगळू नकोस. घरमालक 'ते आमचे पाहुणे' म्हणेल, तू वेगळी नोंद कर. नवऱ्यानं टाकलेली बाई असेल तर कुटुंबप्रमुख म्हणून तिचंच नाव घाल. यादी पुरी झाली की ऑफिसात देण्याआधी ती वस्तीत भिंतीला लाव, दोन भाषांत, आणि आठवडाभर ठेव. चुका लोकच दाखवतील. त्यांच्या सह्या-अंगठे घेऊन एक प्रत त्यांच्याकडे ठेव, म्हणजे पुढं ऑफिसात फाइल गहाळ झाली तरी वस्तीकडे यादी राहील.

कोरा फॉर्म हातात आला की त्याची एक प्रत मला पाठव. कर्ज, उंबरा आणि भाडेकरू हे तीन रकाने त्यात कुठं बसवता येतील ते आपण दोघी बसून बघू. पुढच्या गुरुवारी मी घरीच आहे, जेवायलाच ये.

तुझी,
आक्का